सोडण्याचा अधिकार : व्यवसायत्यागाचे मिथक आणि मराठी समीक्षा

१

मराठीतील चरित्रपर लेखनात, गौरवग्रंथांच्या प्रस्तावनांत आणि नाट्यसमीक्षेतही एक वाक्यप्रकार गेली पन्नास वर्षे निर्वेध चालत आला आहे. अमुक कलावंताने ऐन चाळिशीत चांगल्या चाललेल्या व्यवसायावर पाणी सोडले आणि स्वतःला कलेच्या स्वाधीन केले, असा तो वाक्यप्रकार. त्याची रचना तपासण्यासारखी आहे. त्यातील कर्ता एकटा असतो. त्याच्या घरात दुसरे कोणी मिळवते असल्याचे कळत नाही. क्रियापद सोडण्याचे असते. शिकण्याचे, साठवण्याचे किंवा उसने घेण्याचे नसते. आणि कर्म बहुधा प्रतिष्ठित असते : दवाखाना, वकिली, सरकारी हुद्दा. या तिहेरी चौकटीत जे बसत नाही ते या समीक्षेला दिसत नाही. हे न दिसणे निरुपद्रवी असते तर त्यासाठी लेखणी झिजविण्याचे कारण नव्हते. परंतु कलावंत कोणाला म्हणावे, कोणाचे श्रम कलेची पूर्वतयारी ठरतात आणि कोणाचे नुसता 'अनुभव' ठरतात, याचा निवाडा ही चौकट गुपचूप करून टाकते.

या वाक्यप्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे डॉ. श्रीराम लागू. १९२७ मध्ये जन्मलेल्या लागूंनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, कान-नाक-घसा या शाखेत विशेष शिक्षण घेतले, पुण्यात व्यवसाय केला, परदेशी जाऊन प्रशिक्षण घेतले आणि साठच्या दशकात काही काळ टांझानियातील टबोरा येथे शल्यचिकित्सक म्हणून काम केले. १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून त्यांनी पूर्णवेळ अभिनय स्वीकारला. पुढच्याच वर्षी, १९७० च्या डिसेंबरात, वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले आणि ही घटना दंतकथा बनली.

दंतकथेने यातून काय गाळले? लागू महाविद्यालयीन वयापासून नाटक करीत होते. भालबा केळकर यांच्यासह पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि पुढे मुंबईच्या 'रंगायन'शीही त्यांचा संबंध आला. म्हणजे १९६९ च्या मागे जवळजवळ दोन दशकांची हौशी रंगभूमीची उमेदवारी होती. ही उमेदवारी वैद्यकीच्या मिळकतीवर पोसली गेली होती. वैद्यकीची पदवी ही अशी वस्तू आहे की ती सोडली तरी जात नाही. नाटक फसले असते तर पाटी पुन्हा लावता आली असती. हे सांगितल्याने लागूंच्या निर्णयातील धैर्य कमी होत नाही. उलट, ते कोणत्या आधारावर उभे होते हे कळल्यानेच त्याचे मोल ठरविता येते. आधार लपवून सांगितलेले धैर्य चमत्कारात जमा होते आणि चमत्काराची समीक्षा करता येत नाही.

हा चमत्कार मराठीने स्वतः घडविलेला नाही. पॅरिसच्या शेअरबाजारातील नोकरी टाकून चित्रकलेकडे वळलेला पॉल गोगँ हा त्याचा युरोपीय पूर्वज. १९१९ मध्ये सॉमरसेट मॉमने 'द मून अँड सिक्सपेन्स' या कादंबरीत चाळिशीतला एक शेअरदलाल घरदार टाकून चित्रकार होतो असे दाखविले आणि या कथेला तिचे लोकप्रिय रूप दिले. मॉमच्या नायकाला आतून हाक येते. गोगँच्या बाबतीत १८८२ मध्ये पॅरिसचा बाजार कोसळला होता आणि दलालांच्या नोकऱ्या डळमळल्या होत्या. आतली हाक आणि बाहेरची मंदी यांचे गुणोत्तर काय होते, हा प्रश्न कादंबरीला विचारावासा वाटला नाही. समीक्षेला तो वाटावयास हवा होता. रोलाँ बार्थने 'मायथॉलॉजीज' (१९५७) मध्ये सुट्टीवर गेलेल्या लेखकाविषयी एक टिपण लिहिले आहे. इतर माणसे सुट्टीत काम थांबवितात, लेखक मात्र सुट्टीतही लेखकच असतो, असे वृत्तपत्रे कौतुकाने सांगतात. आणि त्यातून लेखन हे श्रम नसून लेखकाचा निसर्गस्वभाव आहे, असा समज घट्ट होतो, हे बार्थने दाखविले. व्यवसायत्यागाची कथा याच समजाची दुसरी बाजू आहे. दवाखान्यातला माणूस हा 'खरा' माणूस नव्हता, खरा आत दडून बसलेला नट होता, असे ती सांगते. असे म्हटले की वीस वर्षांच्या तालमी अनावश्यक ठरतात.

२

जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित 'सामना' हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेला. त्याच्या केंद्रस्थानी दोन माणसे आहेत : साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील आणि दारूत बुडालेला मास्तर. मास्तर झाले श्रीराम लागू, हिंदुराव झाले निळू फुले. चित्रपटाचा दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ. लागू बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. आणि निळू फुले यांनी पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केली होती ती माळी म्हणून.

एकाच शहरातील वैद्यकीय शिक्षणाच्या जगातून निघालेल्या या माणसांची चरित्रे सांगताना मराठी लेखणी दोन वेगळ्या भाषा बोलते. डॉक्टरांनी व्यवसाय 'सोडला'. माळ्याने काय केले? तो 'पुढे आला', 'वर आला', त्याला 'संधी मिळाली'. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात आणि लोकनाट्यात वर्षानुवर्षे घासून तयार झालेला हा नट 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटातून सर्वदूर पोहोचला तेव्हा तोही चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. माळीकामाचा पगार कितीही अल्प असो, तो दरमहा येणारा पगार होता. नाटकाच्या बिदागीची तशी शाश्वती नव्हती. जोखमीचे गणित मांडले तर परतीची पदवी हाती नसलेल्या माणसाची जोखीम मोठी भरते. तरीही 'त्याग' हा शब्द त्याच्या वाट्याला आला नाही. कारण त्यागासाठी आधी समाजाने मौल्यवान मानलेली वस्तू हाती असावी लागते. बाग सोडणे हा त्याग होत नाही. ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही होते असे समाजाला वाटते, त्यालाच सोडण्याचा अधिकार मिळतो.

लागूंनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला 'लमाण' हे नाव दिले. इकडचा माल तिकडे नेऊन पोहोचविणारा, ही नटाच्या कामाची विनम्र व्याख्या त्या नावात आहे, आणि ती त्यागाच्या दंतकथेपेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिक आहे. नट स्वतःला वाहतुकीच्या श्रमाशी जोडून घेतो. परंतु मराठवाड्यात हे नाव वाचणाऱ्याला रूपकाआधी माणसे आठवतात. मालवाहतूक हा लमाणांचा पिढीजात व्यवसाय होता. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या आणि पक्के रस्ते आले आणि तो मोडला. एका अख्ख्या समूहाला व्यवसाय बदलावा लागला. कोणीही राजीनामा दिला नाही, कोणीही आतली हाक ऐकली नाही. त्यांच्या तांड्यांतील माणसे आजही ऊसतोडीला जातात. व्यवसाय सोडणे आणि व्यवसाय सुटणे यांत दोनच अक्षरांचा फरक आहे, पण आपल्या समीक्षेची चरित्रदृष्टी पहिल्या क्रियापदापाशीच थांबली आहे.

३

याचा वाङ्मयीन परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतो तो बाबुराव बागूल यांच्या बाबतीत. बागुलांचा जन्म १९३० चा, नाशिकजवळचा. बालपणापासून त्यांचा मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पशी संबंध आला. मॅट्रिकनंतर त्यांनी अनेक अंगमेहनतीची कामे केली. १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला आणि मराठी कथेला हादरा बसला. १९६८ पर्यंत त्यांची कामाची धडपड चालू होती. त्यानंतर मात्र ते पूर्णवेळ लेखक झाले. वय अडतीस. लागूंचा निर्णय १९६९ चा, बागुलांचा १९६८ चा. काळ एकच, वयही जवळजवळ एकच. एका निर्णयाची दंतकथा झाली. दुसरा कोशातील नोंदीत एका ओळीत उरकला जातो.

हा केवळ कीर्तीच्या वाटपातील अन्याय असता तर तो चरित्रकारांवर सोपवून पुढे जाता आले असते. पण प्रश्न वाचनाचा आहे. बागुलांविषयीची बरीचशी समीक्षा 'दाहक अनुभव', 'प्रक्षोभ', 'जगलेले वास्तव' या शब्दांभोवती फिरते. लागूंची वैद्यकी हे एक सोडून दिलेले जग मानले जाते. बागुलांचे श्रम हा कच्चा माल मानला जातो, जणू तो थेट पानावर ओतला आणि कथा झाली. कच्चा माल असलेल्या माणसाला निर्णय घेण्याची गरज नसते. तो फक्त 'उद्रेक' पावतो. म्हणून बागुलांनी लेखन हाच आपला पूर्णवेळ व्यवसाय करावयाचे ठरविले, हा एका कलावंताचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, ही गोष्ट या समीक्षेच्या शब्दकोशात कोठे बसविता येत नाही.

ती बसविली तर काय दिसते? पहिल्या संग्रहाच्या शीर्षककथेतील निवेदक परगावी रेल्वेत नोकरीला लागलेला आहे. राहावयास खोली मिळावी म्हणून तो जात लपवितो आणि अखेर उघडा पडून मार खातो. नोकरी येथे मुक्तीची जागा म्हणून येते आणि पाहता पाहता लपण्याची जागा होते. त्याची वाणी चिरडली जाते ती नोकरीमुळे नव्हे, नोकरीभोवतीच्या वस्तीमुळे. 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) या पुढच्या संग्रहाच्या शीर्षककथेत निवेदक स्वतः कथाकार आहे, सोबतीला कवी मित्र आहे, आणि या मुंबईविषयी लिहावे कसे, हा प्रश्नच कथेचा चालक आहे. कोणती कथा नेमकी कोणत्या महिन्यात लिहिली गेली याला येथे महत्त्व नाही. दोन संग्रहांना त्यांच्या शीर्षककथांच्या आधारे शेजारी ठेवले तर निवेदकाची जागा बदललेली दिसते : लपणारा कामगार जाऊन पाहणारा, विचारणारा, स्वतःच्या पाहण्यावर संशय घेणारा लेखक आला आहे. ज्याला पोट भरण्यासाठी कोणापासून काही लपवावयाचे नाही, अशा माणसाचा हा आवाज आहे. पूर्णवेळ लेखक होणे म्हणजे काय, याचा विचार बागुलांच्या कथेने रूपाच्या पातळीवर केलेला आहे. समीक्षेने तो 'अनुभवा'च्या ढिगाखाली गाडून टाकला.

बागुलांचे वाचन ज्या शहरात सर्वाधिक आस्थेने झाले, त्या शहरालाही या दोषातून पूर्ण सूट देता येत नाही. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने येथूनच दलित साहित्याला व्यासपीठ दिले आणि एका पिढीला लिहिते केले. हे ऋण मोठे आहे. परंतु त्या काळची झुंज दलित साहित्य हे साहित्य आहे काय, याच मुद्द्यावर अडून बसलेल्या प्रस्थापितांशी होती. तिच्या धामधुमीत दलित लेखकाचे लेखनाशी असलेले व्यावसायिक नाते काय, तो कशावर जगतो, वेळ कोठून काढतो, हे प्रश्न मागे पडले. झुंजीच्या काळात ते मागे पडणे समजण्यासारखे होते. आज ते मागेच ठेवणे समर्थनीय नाही.

४

त्यागाच्या मिथकाला विरोध करणारी एक परंपराही मराठीत आहे आणि तिचे मूळ याच शहराशी निगडित आहे. येथे अध्यापन केलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा लेखकराव का होतो, असा प्रश्न उपस्थित केला. त्यांच्या 'टीकास्वयंवर' या ग्रंथाला, जो येथील साकेत प्रकाशनाने १९९० मध्ये काढला, १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रकाशक, नियतकालिके, पारितोषिके आणि सभासंमेलने मिळून लेखकाला मागणीनुसार माल पुरविणारा प्रतिष्ठित गृहस्थ कसा बनवितात, याचे नेमाड्यांनी केलेले निदान त्या काळच्या मुंबई-पुण्याच्या वाङ्मयव्यवहारापुरते अचूक होते. लघुनियतकालिकांच्या पिढीला त्याने नैतिक बळ दिले.

परंतु पुढे नेमाड्यांच्या अनुयायांनी त्या निदानाचा सिद्धांत केला. जो लिहून पोट भरतो तो लेखकराव. जो पोट दुसरीकडे भरतो आणि निरपेक्षपणे लिहितो तो लेखक. हा सिद्धांत ऐकावयास कठोर आणि सोवळा वाटतो. मात्र 'दुसरीकडे' म्हणजे कोठे, हे विचारताच त्याचे सोवळे सुटते. १९६० नंतरच्या मराठीत हे 'दुसरीकडे' बहुतांशी महाविद्यालयातील अधिव्याख्यात्याचे पद होते. अरुण कोलटकरांसारख्या काहींसाठी ते जाहिरातीचे क्षेत्र होते. लेखकाच्या निरपेक्षतेची हमी विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी देत होती. बाजाराला नकार देणारा लेखक दरमहा एक तारखेला शासनाच्या तिजोरीतून वेतन घेत होता; त्यात गैर काहीच नाही, पण त्याला विरक्ती म्हणणे गैर आहे. आणि या सोवळ्याच्या कसोटीवर पहिला नापास कोण होतो? ज्याला ते पद मिळण्याची शक्यता नव्हती आणि ज्याने श्रमाची नोकरी संपवून लेखनावर जगण्याचे ठरविले, तो बाबुराव बागूल. जी कसोटी प्राध्यापकाला लेखक आणि बागुलांना लेखकराव ठरवू शकते, ती साहित्याची कसोटी नव्हे. ती सेवाशर्तींची कसोटी आहे.

म्हणजे एका बाजूला नोकरी सोडणाऱ्याला संत करणारे मिथक आणि दुसऱ्या बाजूला नोकरी धरून ठेवणाऱ्याला शुद्ध करणारे मिथक, अशी ही जोडी आहे. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिका एका गोष्टीवर एकमत आहेत : पोटाचे काम कलेच्या बाहेर आहे. एकीला ते साखळदंड वाटते, दुसरीला सोवळ्याचा पाट. त्या कामाने कलावंताच्या हाताला, कानाला, वाक्याला काय दिले, हे दोघीही पाहत नाहीत.

५

हे पाहावयाचे असेल तर सतीश आळेकर यांच्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे. 'महानिर्वाण' (१९७४), 'महापूर' (१९७५), 'बेगम बर्वे' (१९७९) ही नाटके लिहिली गेली तेव्हा आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागात काम करीत होते. १९९६ मध्ये, सत्तेचाळिशीच्या सुमारास, ते काम सोडून ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. चाळिशीनंतर कलेच्या क्षेत्रात पूर्णवेळ येण्याचे हे निर्विवाद उदाहरण आहे. पण त्यागाच्या मिथकाच्या ते काहीच कामाचे नाही, कारण ज्या नाटकांनी मराठी रंगभूमीची भाषा बदलली ती प्रयोगशाळेच्या वर्षांत लिहून झाली होती. दुसऱ्या मिथकाच्याही ते कामाचे नाही, कारण आळेकरांनी पुढे पूर्णवेळ स्वीकारलेले काम नाट्यशिक्षणाचे होते आणि त्याने त्यांना लेखकराव केले नाही. आणि 'बेगम बर्वे' काय सांगते? जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून, आणि संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या कडेला कधीकाळी उभा राहिलेला, आता उदबत्त्या विकणारा बर्वे. कारकुनांच्या फायलींच्या जगातून नाट्यगीतांचे स्वप्न उगवते, फुगते आणि क्रूरपणे फुटते. कचेरीतून कलेत पळून जाण्याच्या मध्यमवर्गीय आकांक्षेची इतकी निर्दय चिकित्सा मराठीत दुसरी नसेल. नोकरीत राहून लिहिणाऱ्या नाटककाराने ती केली, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

याच दृष्टीने 'नटसम्राट'कडेही परतता येईल. ज्याने चाळिशीत व्यवसाय सोडून रंगभूमी धरली, त्या नटाच्या वाट्याला रंगभूमी सोडणाऱ्याची भूमिका आली. गणपतराव बेलवलकर निवृत्त होतात, मिळकत मुलांना वाटून टाकतात आणि निराधार होतात. समीक्षेने याला वार्धक्याची, कृतघ्न अपत्यांची, लिअरच्या जातीची शोकांतिका म्हणून वाचले. ते वाचन खोटे नाही. तरी एक साधी गोष्ट त्यात निसटते. बेलवलकरांनी पैसा वाटला हे खरे, पण वाटल्यानंतर त्यांच्या मागे कोणतीही संस्था, कोणताही संघ, कोणतेही निवृत्तिवेतन नव्हते. कलावंताला म्हातारपणी घरावाचून दुसरा आधार नाही, या सामाजिक वस्तुस्थितीवर ती शोकांतिका उभी आहे. नाटकाला ते ठाऊक आहे. टाळ्यांना ठाऊक नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर दोन्ही मिथके पहिल्याच पायरीवर अडखळतात. लक्ष्मीबाई टिळक (जन्म १८६८) यांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुढे नेले. साठी उलटल्यावर एक थोर गद्यलेखिका मराठीला मिळाली. तिने कोणता व्यवसाय सोडला? संसाराला राजीनामा नसतो आणि त्याचे वेतनही नसते. शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) त्यांनी सेवानिवृत्तीनंतर लिहिली. नोकरी सोडून लिहिण्याची चैन त्यांना उपलब्ध नव्हती आणि नोकरी करीत, घर चालवीत लिहिण्याची सवडही नव्हती. दलित स्त्रीचे आत्मकथन मराठीत येण्यासाठी जिल्ह्याच्या शाळाखात्यातील नोकरी आधी मिळावी लागली आणि नंतर ती नियमानुसार संपावी लागली. निवृत्तिवेतन ही येथे वाङ्मयेतिहासातील घटना आहे.

६

मराठवाड्याच्या संदर्भात या सर्व गोष्टींना वेगळे वजन येते. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले; १९९४ मध्ये त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. या दोन संस्थांनी आणि त्यांच्या भोवती उगवलेल्या महाविद्यालयांनी ज्या घरांत कोणालाही कधी दरमहा वेतन मिळाले नव्हते, त्या घरांत पहिले वेतन नेले. ग्रामीण आणि दलित लेखकांची एक अख्खी पिढी त्या वेतनावर उभी राहिली. या पिढीसाठी नोकरी ही सर्जनशीलतेची बेडी नव्हती. खोली, पुस्तके, कागद आणि संध्याकाळ तिनेच दिली. अशा प्रदेशात नोकरी सोडण्याचे सरसकट कौतुक हे दुसऱ्याच्या घरचे गाणे आहे. आणि ज्याला सोडून कोठे जाता येत नाही त्याचे काय? पळसखेड्याचे ना. धों. महानोर 'रानातल्या कविता' (१९६७) पासून अखेरपर्यंत शेतकरीच राहिले. चित्रपटगीते आली, विधान परिषद आली, शेत गेले नाही. त्यांची शेती कोणी 'व्यवसाय' म्हणून मोजली नाही, ती कवितेची पार्श्वभूमी मानली. पाण्याचे, पेरणीचे, कर्जाचे हिशेब ठेवणारा माणूस त्या पार्श्वभूमीत विरघळून गेला.

नाट्यक्षेत्रात तर सोडण्याला स्थलांतराचीही जोड लागते. 'जिगीषा' ही येथे जन्मलेली नाट्यसंस्था पुढे मुंबईस गेली आणि तेथे तिने नाव कमावले. विशीत-पंचविशीत सामान उचलून मुंबई गाठता येते. चाळिशीत मुलांच्या शाळा, आईवडिलांचे आजार आणि घराचे हप्ते यांचे ओझे घेऊन हा प्रवास करावयाचा तर व्यवसायाबरोबर शहरही सोडावे लागते. पुण्याच्या डॉक्टरला शहर सोडण्याची सक्ती नव्हती. दंतकथेत हा खर्च कोठेही मांडलेला नसतो.

आज हा प्रश्न विद्यापीठाच्या दारातच उभा आहे. पीएच.डी. झालेली, नेट-सेट उत्तीर्ण झालेली, तासिका तत्त्वावर शिकविणारी माणसे मराठी विभागांतून चाळिशी गाठीत आहेत. तासामागे मानधन, सुट्टीत काहीच नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची शाश्वती नाही. यांतील कोणी कविता लिहितो, कोणी मालिकांसाठी संवाद लिहितो, कोणी अनुवाद करतो. त्यांना वर्गात जी समीक्षा शिकवावी लागते, ती त्यांना दोन आदर्श देते. पहिला म्हणतो, सर्व सोडून कलेला वाहून घ्या. त्यांच्याजवळ सोडण्यासारखे कायम पद नाही. दुसरा म्हणतो, लेखनावर पोट भरू नका, अन्यथा लेखकराव व्हाल. त्यांच्याजवळ पोट भरण्यास दुसरे निश्चित काही नाही. वेतनश्रेणीच्या सावलीत तयार झालेली मूल्यव्यवस्था, ज्यांना ती सावली मिळाली नाही, त्यांना अप्रामाणिक ठरविते. मालिकेचे संवाद लिहून भाडे देणाऱ्या कवीकडे विभागाच्या चर्चासत्रात ज्या नजरेने पाहिले जाते, ती नजर वाङ्मयीन आहे असा समज आता तरी सोडावयास हवा.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हे सर्व साहित्याचे समाजशास्त्र झाले. समीक्षेचा विषय संहिता आहे, लेखकाची वेतनचिठ्ठी नव्हे. आक्षेप रास्त वाटतो, परंतु वेतनचिठ्ठी समीक्षेत आणली कोणी? 'व्यवसायावर पाणी सोडले' हे वाक्य प्रस्तावनेत लिहिणाऱ्याने ती आधीच आणली आहे, फक्त तिच्यावरील आकडा झाकून. 'लेखकराव' म्हणणाऱ्यानेही ती आणली आहे, स्वतःची खिशात ठेवून. ती मुळीच आणावयाची नसेल तर दोन्ही शब्द मागे घ्यावेत. आणावयाची असेल तर ती सर्वांची, आणि उघडी, टेबलावर ठेवावी. आणि बागुलांच्या दोन शीर्षककथांत निवेदकाची जागा कशी सरकते, 'बेगम बर्वे'तील कारकून कोणते स्वप्न पाहतात, हे प्रश्न संहितेबाहेरचे आहेत असे कोण म्हणेल? लेखक कशावर जगतो या प्रश्नाने संहितेचे दार बंद होत नाही. बहुतेक वेळा तेथूनच आत शिरता येते.

म्हणून यापुढे चाळिशीत कलेकडे वळलेल्या माणसाविषयी लिहिताना काही साधी पथ्ये पाळली जावीत. त्याने काय सोडले हे सांगताना परत जाण्याची वाट उघडी होती की बंद, हेही सांगावे. मधल्या वर्षांत घर कोणाच्या मिळकतीवर चालले, ते नावासह सांगावे. बहुधा ते नाव एखाद्या स्त्रीचे निघेल. आधीच्या कामातून कोणते कौशल्य कलेत आले याचा शोध डॉक्टरच्या बाबतीत जितक्या आदराने घेतला जातो, तितक्याच आदराने माळ्याच्या आणि कामगाराच्या बाबतीत घ्यावा. आणि बाबुराव बागूल १९६८ नंतर पूर्णवेळ लेखक झाले, ही ओळ अभ्यासक्रमात शिकविताना तिच्यावर निदान एक तास खर्च करावा. तो तास बहुधा तासिका तत्त्वावरील एखादा अध्यापकच घेईल. त्या ओळीत काय आहे, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.